हात न लावता खेळण्यासाठी अंगठा आवश्यक

निडी गावच्या किमयाला व्हिडिओ गेम खेळायचा होता. मागणी एवढीच होती. मागणी लहान असली म्हणजे ती लवकर पुरी होते असा बऱ्याच लोकांचा समज असतो, पण अशा लोकांनी कधी मागणी केलेली नसते. किमयाच्या या मागणीच्या वाटेत पुढं एक धोरण आलं, एक केंद्र आलं, पेणचा एक गणपती कारखाना आला, रोह्याचा एक कक्ष आला आणि शेवटी एक मोठे साहेबही आले. आला नाही तो फक्त किमयाचा डाव.

किमया सहा वर्षांची. तिचे हातपाय जन्मापासून तिचं ऐकत नसत. डावा हात त्याच्या मनाला येईल तेव्हा उडायचा आणि उजव्याची मूठ घट्ट मिटलेली असायची, अंगठा आत घेऊन. तोंड मात्र झकास चालायचं. बाकीच्या अवयवांनी टाकलेलं सगळं काम एकट्या तोंडानं अंगावर घेतलं होतं.

संध्याकाळी शेजारची पोरं ओट्यावर मोबाईल घेऊन बसली की किमयाला उशी लावून त्यांच्यात बसवायचं, हा घरातला नेम. ती नीलेशच्या खांद्यावरून पडद्यात बघायची आणि सुरू व्हायची.

"नील्या, डावीकडं! डावीकडं रे बैला! आता उडी! गेली ना... सांगत होते तुला!"

डाव जिंकला की भांडण ठरलेलं.

"जिंकलं कोण?" किमया विचारायची.

"मी."

"डोकं माझं होतं."

"बोट माझं होतं."

मग ती आईकडं मान वळवायची. "आई, माझा डाव कधी गो?"

दिपिका, तिची आई, पोरीची मूठ मांडीवर घेऊन बसलेली असायची. रोज संध्याकाळी खोबरेल लावून ती एकेक बोट हळूहळू उघडायची, तळवा पुसायची, आत दबून पांढरा पडलेला तो इवलासा अंगठा मोकळा करायची. क्षणभर हात उमलल्यासारखा दिसायचा. मग बोटं परत मिटायची, आणि बहुतेक वेळा आईचं एक बोट आत धरूनच मिटायची. ते सोडवून घेण्याची दिपिकाला कधी घाई नसायची.

"येईल गो," ती म्हणायची. डाव कुठून येईल ते तिला माहीत नव्हतं. तो पेणच्या रामवाडीतून येणार होता.

दिपिका पेणला हैबतरावांच्या गणपती कारखान्यात रंगकामाला जायची. नवरा अमोल कंपनीत, त्याची शिफ्ट बदलती. पोरीकडं सासू धोंडुबाई बघायची. एक दिवस कारखान्यात जाताना दिपिकाला रामवाडीत नवीन पाटी दिसली: 'मनोक्रीडा सुलभीकरण केंद्र'. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: 'हात न लावता खेळा! फक्त मनात आणा!'

दिपिका रस्त्यातच उभी राहिली. मागून रिक्षावाल्यानं हॉर्न मारला तरी तिला कळलं नाही. फक्त मनात आणायचं? तिची पोर दिवसभर दुसरं काय करत होती?

या केंद्राची हकीकत अशी. कपाळाला एक पट्टा बांधायचा, डोक्यात जे चालतं ते पट्ट्यानं पकडायचं आणि त्यावर पडद्यावरचा खेळ चालवायचा, असं यंत्र एका कंपनीनं बनवलं होतं. यंत्र तयार होतं, पण ते अजून वापरस्नेही झालं नव्हतं. वापरस्नेही म्हणजे सामान्य माणसाला जमेल असं. सामान्य माणूस तालुक्याच्या ठिकाणी मिळतो असं धोरणात लिहिलं होतं, म्हणून केंद्र पेणला आलं.

आल्या आल्या पहिली गरज पडली ती डोक्यांची. पट्टा कुठल्यातरी डोक्यावर बसवूनच बेतावा लागतो. खरी डोकी दिवसभर एका जागी बसायला तयार होत नाहीत, म्हणून प्लास्टरची डोकी मागवायचं ठरलं, आणि पेणमध्ये प्लास्टरचं काही हवं असेल तर लोक कारखान्यातच जातात. ऑर्डर हैबतरावांकडं आली: 'मानक मस्तके, तातडीने.' हैबतराव चोख माणूस. त्यांनी फोन करून सगळ्या शंका फेडून घेतल्या.

"मुकुट पाहिजे का?"

"नको, मुकुट नको. मध्ये येईल."

"कान?"

"कान हवेतच. पट्टा कानामागून जातो."

"डोळ्यांची आखणी करायची का?"

"गरज नाही. डोळ्यांचं काम नाही यात."

इतकं सविस्तर बोलणं झालं, पण डोकं कुणाचं हे कंपनीनं सांगितलं नाही आणि हैबतरावांनी विचारलं नाही. त्यांच्या घराण्यानं पिढ्यान्पिढ्या एकाच देवाची मस्तकं साच्यातून काढलेली. मस्तक म्हटल्यावर ते आणखी कुणाचं असू शकतं, हा विचार त्यांच्या मनात येण्याचं काही कारणच नव्हतं. चार दिवसांत माल पोचला: रुंद कपाळ, सुपाएवढे कान, पुढं डौलदार सोंड.

केंद्रात खोकी उघडली. मग शिपायानं चपला काढल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी कुणीतरी पहिल्या मस्तकावर जास्वंदीचं फूल ठेवलं, आणि त्या फुलाबरोबर माल परत पाठवण्याचा प्रश्न निकालात निघाला. वापरस्नेह अधिकारी मृणाली मॅडम यांनी शेरा लिहिला: 'मस्तके प्राप्त. मानक म्हणून स्वीकृत.' स्वीकृत नाही असं लिहिलं असतं तर खाली सही कुणी केली असती?

मग पट्टा त्या मस्तकावर बेतला गेला. तिथं तो इतका सुंदर बसला की फोटो काढून वरच्या कार्यालयाला पाठवले. माणसांच्या डोक्यावर मात्र तो कपाळावरून घसरून नाकावर, नाकावरून गळ्यात यायचा. पाहणीचा निष्कर्ष निघाला: 'नागरिकांची डोकी मानकापेक्षा लहान आढळली. कान विशेष अपुरे.' उपाय म्हणून नागरिकांच्या डोक्याभोवती गुंडाळण्यासाठी जाड गादी शिवून घेण्यात आली. तिचं नाव 'सुलभता-गादी'. ती बांधली की माणसाला ऐकू येत नसे, पण खेळायला मनच लागत असल्यामुळे ही गैरसोय धरली गेली नाही.

खेळ असा होता: मिठागराच्या बांधावर एक बगळा उभा. मनात 'डावीकडे' आणलं की तो डावीकडं जाणार, 'उड' आणलं की उडणार, मासे टिपणार. वर घारी घिरट्या घालतायत. घारीनं झडप घातली की डाव संपला. पहिली चाचणी अर्थातच मानक मस्तकावर झाली. प्लास्टरच्या मनात काही आलं नाही. बगळा हलला नाही. आणि या खेळात घार झडप घालायची ती हलणाऱ्या बगळ्यावर, त्यामुळे न हललेला बगळा मेलाही नाही. संध्याकाळपर्यंत तो एका पायावर तसाच उभा. यंत्रानं निकाल दिला: 'एकाग्रता शंभर टक्के. मनाचा गोंगाट शून्य. आदर्श वापरकर्ता.'

फक्त वापरकर्ता म्हटला की नोंदणी लागते, आणि नोंदणीला अंगठा लागतो. मस्तकाला अंगठा कुठला? हाताची ऑर्डरच दिली नव्हती. मग खास नियम झाला. ज्या डोक्याला स्वतःचा अंगठा लावता येत नाही, त्याच्या वतीनं एखाद्या जबाबदार नागरिकानं प्रत्यक्ष येऊन आपला अंगठा लावावा. तो नातेवाईक नसावा. आणि एका अंगठ्यावर एकच डोकं. केंद्रातला तरुण अभियंता प्रविण पुढं झाला. त्याच्या अंगठ्यावर मानक मस्तकाची रीतसर नोंद झाली.

दिपिका किमयाला कडेवर घेऊन केंद्रात आली ती या सगळ्यानंतर. निडीहून गाडीनं पेण, पेण स्टेशनवरून रामवाडी. वाटेत किमयानं डब्यातल्या निम्म्या माणसांना सांगून टाकलं होतं की आज तिचा डाव आहे.

मृणाली मॅडमनी हसून स्वागत केलं. केंद्रात हसून स्वागत करणं सक्तीचं होतं.

"मुलीचा अंगठा ठेवा इथं."

"मॅडम, तिची मूठ उघडत नाय," दिपिका म्हणाली. "म्हणूनच तर आलो."

"बरोबर आहे. ज्यांना हात वापरता येत नाहीत त्यांच्यासाठीच ही सोय आहे. सोय हवी आहे हे कळवण्यापुरताच काय तो हात लागतो."

"मॅडम, मी 'सोय हवी' असं मनात आणलं तर?" किमयानं विचारलं.

"मनात आणणं नोंदणीनंतर, बाळा."

दिपिका खाली बसली. घरच्यासारखीच एकेक बोट उघडून तिनं अंगठा बाहेर काढला आणि काचेवर टेकवला. यंत्र बोललं, "अंगठा तेलकट आहे." ओढणीनं पुसून परत टेकवला. "अंगठा हलत आहे." दिपिकानं तो आपल्या दोन बोटांत धरून घट्ट दाबला. "दोन व्यक्ती आढळल्या."

"मग माझाच घ्या ना."

"आईचा चालत नाही. आई नातेवाईक आहे. हितसंबंध येतात. आई मुलीच्या बाजूनं विचार करण्याची शक्यता असते."

"शक्यता काय मॅडम, करणारच! आय हाय मी तिची."

"तेच तर," मॅडम म्हणाल्या.

एवढ्यात किमयाचं लक्ष काचेच्या कपाटाकडं गेलं होतं. आत मस्तक, मस्तकाला पट्टा, आणि शेजारच्या पडद्यावर एका पायावर उभा बगळा.

"आई, बाप्पा खेळतोय?"

"ते मानक मस्तक आहे," मॅडमनी सांगितलं.

"त्याला पण हात नाय."

"त्यांची नोंदणी झालेली आहे."

किमया म्हणाली, "पण तो खेळत नाय. नुसता बसलाय."

मॅडमनी हे अभिप्राय म्हणून नोंदवलं नाही. अंगठा नसलेल्याचा अभिप्राय घेता येत नाही.

त्या दिवसापासून दिपिका एका अंगठ्याच्या शोधात निघाली. आपल्याकडं माणसं हवी तेवढी आहेत आणि निसर्गनियमानं प्रत्येकाला दोन अंगठे आहेत, त्यामुळे हे काम सोपं जाईल असं तिला वाटलं. ती तरुण होती.

हैबतराव लगेच आले, भर हंगामात, हात न धुता. काचेवर अंगठा टेकवला. यंत्र म्हणालं, "येथे अंगठा नाही." हैबतरावांनी अंगठा डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. प्लास्टर घासून घासून त्यावरच्या रेषा केव्हाच गेल्या होत्या. "रेशनवाला पण हेच बोलतो गो," ते खजील होऊन म्हणाले, आणि असलेला अंगठा घेऊन परत कारखान्यात गेले.

शाळेच्या गुरुजींना किमयाबद्दल फार वाटायचं. गेल्याच आठवड्यात त्यांनी फळ्यावर 'करुणा' या विषयावर सुविचार लिहिला होता. ते म्हणाले, "अंगठ्याला माझी ना नाही, पण वरून आदेश यायला हवा. उद्या मला विचारलं, गुरुजी, तुमचा अंगठा पेणला काय करत होता, तर मी काय सांगू?"

ग्रामपंचायत सदस्या विमलबाईंनी चहा दिला, किमयाच्या गालावरून हात फिरवला आणि अंगठा पदराखाली घेतला. "तुला नाय म्हणत नाय गो मी. पर आमच्या सासऱ्यांनी एकदा असाच ठेवलेला. ठेवला इकडं, नि खाडीकडचा तुकडा गेला तिकडं. यंत्र म्हटलं का मी आपली लांब."

"मावशी, गेम हाय तो. बगळ्याचा."

"बगळ्याचाच असतो गो पहिल्यांदा."

शेवटी नीलेशची आई. भिंतीला भिंत लागून घर. तिनं नीट विचार केला, दोनदा 'हो' म्हणता म्हणता थांबली आणि म्हणाली, "एका अंगठ्यावर एकच डोकं बोलतात ना? उद्या आमच्या नील्यासाठी कुणाला लागलाच तर मी काय करू? तुझं काय, तुला कुणी पण देईल. पोरीकडं बघून माणसाला दया येतेच."

दया सगळ्यांनाच आली होती. अंगठे मात्र सगळ्यांनी जपून ठेवले होते, पुढं कधीतरी लागतील म्हणून.

"काय गो दिपे, गावात एक अंगठा मिळंना?" धोंडुबाईनं आपला हात पुढं केला. मिठागरात गेलेला जन्म त्या हातावर दिसत होता. "माझा ने."

"तुम्ही आजी हाव ना आई. तुम्ही पण तिच्याच बाजूच्या."

"मग काय पोरीच्या विरुद्ध असणारा माणूस शोधायचा?"

"तसंच हाय ते."

पेणच्या केंद्राविरुद्ध तक्रार करायची तर तिचा कक्ष रोह्याला होता. दिपिका एक खाडा करून रोह्याला गेली. कक्षात महिपती नावाचे गृहस्थ पंख्याखाली बसले होते. दिपिकानं तोंड उघडताच त्यांनी हात वर केला.

"बोलायचं नाय. इथं पण सगळं वापरस्नेही झालंय. पट्टा लावा, तक्रार मनात आणा."

"तोंडानं सांगते ना मी!"

"तोंडाची सोय बंद झाली."

त्यांनी गादी बांधली, वर पट्टा चढवला. दिपिकानं डोळे मिटले आणि मनात तक्रार आणायला सुरुवात केली. पण तक्रार एकटी येईना. तिच्या मागून किमयाची मूठ आली, तेलाचा वास आला, 'आई, माझा डाव कधी गो' आलं, पोरगी आज सासूकडं जेवली असेल का ते आलं, परतीची गाडी आली. पट्टा घसरून गळ्यात आला. पडद्यावर अक्षरं उमटली: 'आपण समाधानी आहात. धन्यवाद.'

"झालं," महिपती म्हणाले. "कक्ष उघडल्यापासून एक तक्रार नाय बघा आमच्याकडं. वरून कौतुकाचं पत्र आलंय. रोह्याची माणसंच समाधानी."

दिपिका तशीच उठली. मनातल्या मनात तिनं महिपतींना जे म्हटलं तेही पट्ट्यानं पकडलं असतं, तर कक्षाचं ते पत्र परत घ्यावं लागलं असतं. पण पट्टा तोवर काढलेला होता.

सगळीकडची दारं अशी वापरस्नेही होऊन बंद झाली, तेव्हा एका दुपारी प्रविणनं तिला आणि किमयाला केंद्रात आत घेतलं. पोरगा वाईट नव्हता. नोकरी कायम व्हायची होती, म्हणून तो एरवी चांगलाही नव्हता. मॅडम जेवायला गेल्या होत्या. त्यानं कपाट उघडलं, मस्तकाला नमस्कार केला, पट्टा काढला.

"लवकर, ताई. यांच्याच नोंदणीवर चालवतो. पाच मिनिटं."

सुलभता-गादी किमयाच्या डोक्याहून मोठी निघाली. दिपिकानं आपली ओढणी दुमडून पोरीच्या कपाळाभोवती गुंडाळली आणि वर पट्टा धरून ठेवला. बगळा एका पायावर उभाच होता. इतके दिवस उभा राहून त्याचा पाय दुखत असणार.

"किमू, मनात आण."

"आणते. तू बोलू नको."

बगळ्यानं दुसरा पाय खाली ठेवला.

त्यानं मान डावीकडं वळवली. एक पाऊल टाकलं. मग पंख उघडले, आणि मिठागराच्या बांधावरून तो असा सुटला की प्रविण खुर्चीत मागं झाला. खाली चोच, वर झेप, घारीच्या पोटाखालून तिरका, परत पाण्यावर. घारी एकमेकींवर आपटत होत्या. आणि किमया गप्प होती. जन्मापासून अखंड बोलणारी ती पोर तोंड अर्धवट उघडं ठेवून गप्प बसली होती. तोंडाला सुट्टी मिळाली होती. दिपिकानं सवयीनं खाली पाहिलं. मूठ होती तशीच मिटलेली होती. ती उघडण्याची कुणालाच गरज पडली नव्हती.

"आई," किमया कुजबुजली, "मी चाललेय बघ."

तेवढ्यात पडदा लाल झाला. 'सावधान. वापरकर्त्याचे वर्तन मानकाशी विसंगत. मस्तकात विचार आढळले.' पाठोपाठ: 'सुरक्षेसाठी खाते कायमस्वरूपी स्थिर करण्यात येत आहे.' बगळा हवेतच थांबला, सावकाश बांधावर उतरला आणि त्यानं एक पाय वर घेतला.

प्रविणकडून खुलासा मागवण्यात आला. आरोप असा की, त्यानं एका नोंदणीकृत आदर्श वापरकर्त्याच्या नावावर एका अनोंदणीकृत मुलीला विचार करू दिला.

मृणाली मॅडमनी मात्र दिपिकाला बोलावून खुर्ची दिली. केंद्राच्या उद्घाटनाला मोठे साहेब येणार होते. केंद्र सुरू होऊन बरेच दिवस झाले होते, पण साहेबांना वेळ झाला नव्हता म्हणून ते अधिकृतपणे उघडलेलं नव्हतं. व्यासपीठावर पट्टा लावून खेळणारं कुणीतरी हवं होतं, आणि ते बघून लोकांच्या डोळ्यांत पाणी यायला हवं होतं. मानक मस्तकाकडं बघून येत नव्हतं.

"पण नोंदणी नाय ना तिची?"

"फोटोला नोंदणी लागत नाही. आणि कार्यक्रम झाला की साहेब स्वतः अंगठा देणार आहेत किमयाला. मी बोलून ठेवलंय."

दिपिकानं पोरीला नवा फ्रॉक शिवला. निडीहून अर्धी आळी गाडीनं पेणला आली. गुरुजी आले, विमलबाई आल्या, नीलेशची आई पहिल्या रांगेत बसली. आदेश नसतानाही सगळे आले.

मंडप भरला. व्यासपीठावर मोठा पडदा, पुढं किमया, डोक्याला तिच्या मापाची नवी गादी, गादीवर पट्टा, तोंडाजवळ माईक. साहेबांनी बटण दाबलं. पडद्यावर मिठागर उजळलं. बगळा एका पायावर उभा होता.

किमयानं मनात आणलं. बगळा उभा. तिनं परत आणलं. बगळा उभाच. खातं कायमचं स्थिर झालेलं होतं, आणि उद्घाटनाच्या दिवशी नवीन खातं काढायला अंगठा नव्हता.

"डावीकडं," किमया म्हणाली. माईकवरून आवाज मंडपभर गेला. "डावीकडं जा की रे. उड! अगो आई, हा ऐकत नाय!"

"पाहा!" निवेदिका गहिवरून म्हणाली. "चिमुकली बगळ्याशी बोलते आहे!" टाळ्या पडल्या.

"हा माझा नाय!" किमया ओरडली. डावा हात मनाला येईल तसा उडायला लागला होता. "हा बाप्पाचा हाय! बंद करा! हा माझा डाव नाय!"

टाळ्या थांबेचनात. विमलबाईंनी पदर डोळ्यांना लावला. कुणीतरी शिट्टी मारली. पडद्यावर निकाल झळकला: 'एकाग्रता शंभर टक्के.' दिपिका खुर्च्यांमधून वाट काढत पुढं येत होती. तिला दोघा स्वयंसेवकांनी हात जोडून, हसून, फोटो होईपर्यंत थांबवून धरलं.

मग साहेब किमयाशेजारी आले. मॅडमनी त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं. साहेबांनी मान डोलावली, आणि ठरल्याप्रमाणं किमयाला अंगठा दिला. तो वर करून, कॅमेऱ्याकडं हसत, ते सगळ्या फोटोंत तसेच उभे राहिले. नंतर त्यांना दुसऱ्या उद्घाटनाला जायचं होतं.

कार्यक्रमाचा व्हिडिओ दुसऱ्या दिवशी सगळीकडं पोचला. 'हात नाहीत, पण हिंमत आहे!' असं त्यावर लिहिलं होतं, आणि किमयाच्या ओरडण्यावर बासरी लावली होती, त्यामुळे ती काय ओरडते ते ऐकू येत नव्हतं. तुम्हीही तो पाहिला असेलच. जेवता जेवता पाहिला असेल. बदाम दाबला असेल आणि पुढच्या व्हिडिओकडं सरकला असाल. सगळ्यांनीच तसं केलं.

संध्याकाळी नीलेश मोबाईल घेऊन ओट्यावर आला. "किमे, बघ! लाखावर गेले बदाम!"

किमयाची मूठ आईच्या मांडीवर होती. तेल लावून झालं होतं, बोटं उघडी होती.

"बदाम कशानं दाबतात?" तिनं विचारलं.

"अंगठ्यानं."

"लाख माणसांनी?"

"लाखाच्या वर."

किमयानं मान वळवून आईकडं पाहिलं.

"म्हणजे एवढे अंगठे मोकळे होते, आई?"

दिपिकाच्या हातातली बोटं हळूहळू मिटत आली आणि तिचं बोट आत घेऊन बंद झाली. नीलेशनं मोबाईल परत डोळ्यांसमोर धरला.

"हा बघ," तो म्हणाला, "आत्ता आणखी एक आला."